हनुवंतियाची बेटं

काल रात्री मध्य प्रदेशातल्या हनुवंतियापुढच्या एका बेटावर तंबूत झोपलो, आज संध्याकाळी इंदूरला परत.

नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचं पाणी सुमारे ९०० चौरस किलोमीटरवर पसरलंय, पलीकडचा काठ दिसतच नाही. गाइडभैयांनी आधीच बजावलं, "हाथ से नहीं, कमर से चलाओ." खरंच, कंबरेतून वळून वल्हं मारलं की खांदे भरून येत नाहीत. वारा सुटायच्या आत, पहाटेच निघायचं.

ही बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. मध्येच पाण्यातून वर आलेली वठलेली झाडं, साल गळालेली, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. तिथे मला पुढे जाववेना. याच धरणापायी २००४ मध्ये हरसूद गाव रिकामं झालं. आत्याचं सासर तिथलंच. आल्या आल्या तिला फोन केला. अर्धा तास ती फक्त तिथल्या बाजाराबद्दल बोलत होती. तिला एकदा बोटीने नेणार आहे.