चेंज रिपोर्ट अडकला आणि मुलांची फी पण

आमचं फाउंडेशन छोटं आहे. कोकणातल्या आमच्या तालुक्यातून मुंबईला नोकरीला आलेले लोक दरवर्षी जमेल तसे पैसे टाकतात, त्यातून गावाकडच्या दहावी-बारावी झालेल्या मुलांची पुढची फी भरतो. ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, पॅन, 80जी (देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी म्हणूनची नोंदणी) वगैरे सुरळीत झालं. खरा त्रास झाला तो आमचे खजिनदार अण्णा गेले तेव्हा.

बँकेत अध्यक्ष आणि अण्णा अशा दोघांच्या सह्या. बँक म्हणाली नवीन विश्वस्ताचं नाव असलेला परिशिष्ट 1 चा उतारा (ट्रस्टच्या सरकारी नोंदीची नक्कल) आणा, मगच सही बदलू. म्हणजे आधी धर्मादाय कार्यालयातून, जिथे ट्रस्टची नोंद असते तिथून, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचं कळवणारा अर्ज) मंजूर व्हायला हवा. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम 22 आहे, बदल झाल्यापासून 90 दिवसांत कळवायचं असतं. आम्ही वेळेत दिला, ठराव, मीटिंगची नोटीस, संमतिपत्र, ॲफिडेव्हिट, मृत्यूचा दाखला सगळं जोडून.

आणि मग त्रुटी सुरू. आधी म्हणे नोटीस सगळ्या विश्वस्तांना मिळाली याचा पुरावा कुठाय, तो दिला (नोटिशीवर पोच म्हणून सह्या घेऊन ठेवत जा, खूप कामाला येतात). मग पुढच्या तारखेला म्हणे नावात फरक आहे. उताऱ्यावर नुसतं ‘अण्णा’ आणि आडनाव, कारण गावात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नव्हतं, आणि दाखल्यावर पूर्ण नाव. टेबलावरच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनाचं टोक आधी या नावावर मग त्या नावावर, हे एकच गृहस्थ कशावरून? प्रश्न बरोबर आहे हो, पण पहिल्याच दिवशी का नाही विचारला, कागद तर तेच होते ना समोर! एक त्रुटी भरून काढली की दुसरी, आणि दरवेळी पुढची तारीख. तिकडे अकरावी, आयटीआयचे प्रवेश चालू, पालकांचे फोन, "दादा, फीची शेवटची तारीख आली." खात्यात पैसे पडून आणि काढता येत नाहीत. याचा राग मला अजून आहे. शेवटी सभासदांनीच आपापल्या खिशातून थेट कॉलेजात फी भरली, एकाचाही प्रवेश गेला नाही, त्याचा फार अभिमान वाटतो.

अण्णांच्या मुलाने दोन्ही नावं वडिलांचीच असं ॲफिडेव्हिट करून दिलं, जोडीला आधार-पॅनच्या कॉपी, तेव्हा कुठे अर्ज हलला. पहिल्याच वेळी सगळ्या त्रुटी लेखी मागा, तोंडी सांगितलेल्यावर अजिबात थांबू नका. ऑर्डर झाली म्हणून उतारा आपोआप हातात पडत नाही, नोंद झाली की नकलेसाठी वेगळा अर्ज करा. वर्षाचे हिशोबही ऑडिट करून वेळेत भरलेले असू द्या, फाईल काढली की तेही बघतात.

आणि हो, बँकेत तीन जणांची नावं ठेवा, त्यातल्या कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील असा ठराव आजच करून टाका. आम्ही आता तसाच केलाय.