नकोसा मासा

परवा दुपारी दूध आणायला म्हणून दुकानात गेले आणि टॉर्टियांच्या शेजारी लेफ्सा येऊन बसलेली दिसली. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये, जिथे नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं राहतात, एवढी खूण पुरते. थंडी आली, आणि आता गावोगावच्या लुथरन चर्चांच्या तळघरांत लुटफिस्कच्या, म्हणजे सोड्यात भिजवलेल्या सुक्या माशाच्या, पंगती बसायला लागणार. दूध राहिलंच.

लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. बटाटे उकडून साच्यातून दाबून काढायचे, गुठळी म्हणून राहता कामा नये. त्यात लोणी, साय आणि गार झाल्यावर मैदा. शेजारच्या आजी करतात तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहते. लाटणं खाचाखाचांचं, पोळपाटावर कापड ताणून बसवलेलं. पोळी इतकी पातळ की हाताने उचलायची सोय नाही. एक लांब चपटी काठी तिच्या पोटाखालून सारायची, पोळी दोन्हीकडे लोंबती ठेवून तव्यापर्यंत न्यायची आणि काठी फिरवत फिरवत उलगडायची. भरलेली पुरणपोळी तव्यावर टाकताना माझी आई जसा श्वास रोखून धरायची, तसाच या आजीही धरतात. फाटलेली मला मिळते. लोणी, वर साखर, गुंडाळी करून तोंडात. अशा पदार्थाला वारसाबिरसा म्हणायची गरजच पडत नाही. तो आपल्या चवीवर जगतो.

लुटफिस्कचं तसं नाही. त्याला जगवावं लागतं.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर थंड वाऱ्यात वाळवून कडकडीत केलेला कॉड मासा आधी काही दिवस पाण्यात भिजवायचा, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात (पूर्वी राखेच्या), आणि मग पुन्हा कित्येक दिवस स्वच्छ पाण्यात, पाणी बदलत बदलत. नाहीतर तो खाण्याजोगाच होत नाही. शिजल्यावर तो ताटात थरथरतो. त्यातून पलीकडचं दिसेल की काय असं वाटतं. चांदीचे चमचे त्याने काळे पडतात. विस्कॉन्सिनमध्ये कामगारांना विषारी पदार्थांची माहिती मिळावी म्हणून एक कायदा आहे. त्यात विषारी पदार्थांच्या व्याख्येतून लुटफिस्कला नाव घेऊन वगळलंय. हे कलम लिहिणाऱ्याने चेहरा कसा सरळ ठेवला असेल! पापडखार घालून पापड लाटणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावू नये, हे कळतं. तरी मी लावला.

चर्चमध्ये तिकिटावर नंबर असतो. तो पुकारेपर्यंत वर प्रार्थनेच्या बाकांवर बसून राहायचं. वास जिन्याने आधीच वर आलेला असतो. खाली लांबच लांब टेबलं, विणलेले स्वेटर घातलेले सत्तरी-पंच्याहत्तरीचे वाढपी, माशाची वाफाळती भांडी, वितळलेल्या लोण्याचे जग. स्वीडिश घराण्यातले लोक लोण्याऐवजी पांढरा सॉस मागतात आणि त्यावरून निदान दहा मिनिटं चालतं. भित्र्यांसाठी मीटबॉल्स असतात. मी भित्री.

आणि विनोद. तेच ते, पिढ्यान्‌पिढ्या उगाळलेले. अर्धे नॉर्वेजियन अमेरिकेत आले ते लुटफिस्कपासून सुटका म्हणून, उरलेले अर्धे आले त्याचा प्रसार करायला. मग ओली आणि लीना, हे इथल्या विनोदांतलं अजरामर जोडपं. ओली मरणाला टेकलाय. स्वयंपाकघरातून ताज्या लेफ्साचा वास येतो. सगळा जीव गोळा करून तो पलंगावरून उतरतो, सरपटत ओट्यापर्यंत जातो, थरथरता हात वर नेतो, तोच लीना फटकन हातावर मारते: ‘‘हात लावू नकोस, त्या तुझ्या दिवसांसाठी आहेत!’’ दिवसांसाठी हे माझं. ती म्हणते अंत्यविधीच्या जेवणासाठी. पण नैवेद्याआधी डब्यात हात घातला म्हणून मार खाल्लेल्या माणसाला ही लीना लगेच ओळखता येते.

मला नवल वाटतं ते याचं, की ही माणसं स्वतःच्या ताटाला हसतात. आपण हसतो ते दुसऱ्याच्या. पुण्याच्या आमटीतल्या गुळाला नागपूर हसतं, नागपूरच्या तर्रीला पुणं घाबरतं. आमच्या आजोळी, रेवदंड्याला, अंगणात बोंबील वाळत घातलेले असायचे. एकदा पुण्याचे एक काका आले आणि जेवून उठेपर्यंत त्यांनी नाकावरचा रुमाल काढला नाही. घास घेण्यापुरता तेवढा बाजूला करायचे. कुणी हसलं नाही. आजीने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही, आणि मावशीच्या लग्नापर्यंत तो विषय घरात जिवंत होता. तिथे एखादा ओली असता तर प्रकरण त्याच दुपारी मिटलं असतं.

तिकडे खुद्द नॉर्वेतही नाताळच्या आधी लुटफिस्क खातात, बेकन वगैरे घालून मजेत. पण शुक्रवार आला की घरोघरी टाको, आणि १९८० पासून बाजारात असलेला ग्रांदिओसा नावाचा फ्रोझन पिझ्झा तर तिथलं राष्ट्रीय अन्न म्हणून थट्टेचा विषय झालाय. त्यांना नॉर्वेजियन असल्याचं सिद्ध करायचं नसतं.

१८२५ साली नॉर्वेतल्या स्टावांगरहून ‘रेस्टॉरेशन’ नावाचं छोटं गलबत सुटलं. ५२ माणसं निघाली, न्यूयॉर्कला ५३ उतरली. वाटेत एक बाळ झालं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेत आले. त्यांनी चर्च बांधली, वर्तमानपत्रं काढली. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरने फर्मान काढलं: शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही. त्याच आयोवातल्या डेकोरा गावचं नॉर्वेजियन वर्तमानपत्र त्यानंतरही तग धरून राहिलं, १९७२ पर्यंत. मग तेही बंद पडलं. माशावर कुणी बंदी घातली नव्हती.

गेल्या वर्षी पंगतीत समोर बसलेल्या आजोबांना विचारलं, नॉर्वेजियन येतं का? जेवणाआधीची प्रार्थना येते म्हणाले, आणि एका दमात म्हणूनही दाखवली. अर्थ विचारला तर खांदे उडवले आणि लोण्याचा जग माझ्याकडे सरकवला. आमची मुलगीही जेवणाआधीचा श्लोक घडाघडा म्हणते, पिझ्झ्यासमोर. तिला अर्थ विचारायच्या भानगडीत मी अजून पडलेले नाही.