ड्राय करताना पिन कुठे आपटते?

ड्राय केल्याशिवाय, म्हणजे रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढून सराव केल्याशिवाय, ट्रिगरवर हात बसत नाही, हे नेमबाजीच्या पहिल्याच आठवड्यात कानावर पडलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. भिंतीवर काळा ठिपका चिकटवायचा, बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं, मग शंभरेक वेळा ट्रिगर ओढायचा. 'अशाने रायफल खराब होते' म्हणणारे होते, 'काही होत नाही' म्हणणारेही होते. मी सोयीचं तेवढं ऐकलं.

रायफल पॉइंट २२, बोल्ट ॲक्शन, जुनी, दुसऱ्याने वापरलेली. दोन-अडीच महिन्यांत पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, अडकायला लागली. बोल्ट ओढताना जोर लागे, कधी पुंगळी आतच राही. मी चेंबर साफ केला, काडतुसं बदलली, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला, एक्स्ट्रॅक्टरला, नावं ठेवली. शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या आर्मरर काकांकडे गेले. त्यांनी चेंबरच्या तोंडाशी टॉर्च धरला आणि विचारलं, "रिकामीच ओढतेस ना गं?"

पॉइंट २२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. त्यामुळे पिन, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर काडतुसावर आपटणारी सुई, मधोमध न मारता कडेवर मारते. काडतूस असलं की तो मार मऊ पितळ झेलतं. काडतूस नसलं आणि पिन थोडी जास्त पुढे येणारी असली, की ती थेट चेंबरच्या काठावर आपटते. माझ्या रायफलीत तिथे बारीक खाच पडली होती आणि दबलेलं पोलाद चेंबरच्या आत सरकलं होतं. नख फिरवलं तर तो उंचवटा लागत होता. पुंगळी त्यालाच अडत होती.

मला वाटलं, कानस मारतील. त्यांनी चेंबरमध्ये नेमकं बसणारं, निमुळतं हत्यार घालून फिरवलं आणि ते पोलाद मागे दाबून बसवलं. "घासलं तर गेलं, परत येत नाही," म्हणाले. दहा मिनिटांचं काम, पण मला घाम फुटला होता.

सगळ्याच रायफलींचं असं नसतं. मोठ्या बोअरच्या सेंटरफायर रायफलीत पिन काडतुसाच्या मधोमध मारते. रिकाम्या चेंबरमध्ये तिला आपटायला काठच नसतो. हल्लीच्या अशा रायफली ड्राय सहन करतात, फार जुन्यांची पिन मात्र तुटू शकते. पॉइंट २२ मध्येही रुगर १०/२२ या रायफलीच्या मॅन्युअलमध्ये ड्रायला परवानगी आहे, कारण तिची पिन काठाच्या अलीकडेच थांबते. स्प्रिंगच्या एअर रायफलीचं उलट: छर्रा नसला तर पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही, तो पूर्ण जोराने आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही जातात. ती एकदाही रिकामी ओढू नये. स्पर्धेच्या एअर रायफलींना बहुधा वेगळी ड्रायची सोय असते, म्हणजे हवा न सोडता ट्रिगरचा सराव करता येतो.

आता मी स्नॅप कॅप, म्हणजे पिनचा मार झेलणारं खोटं काडतूस, घालूनच ड्राय करते. ती नसेल तर वापरलेली पुंगळी, दर वेळी थोडी फिरवून, म्हणजे पिन जुन्या खड्ड्यात पडत नाही. जिवंत काडतुसाशी गल्लत होऊ नये म्हणून त्या पुंगळीच्या बुडाला लाल नेलपॉलिश लावलंय. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

पुंगळी आता निमूट बाहेर येते. ट्रिगरला मात्र मी अजूनही झटका देते, आणि त्याचा दोष पिनवर ढकलता येत नाही.