ते चार रिकामे प्लग

मी मूळची बसच्या वेळापत्रकांतली. बारा वर्षं डेपोच्या ड्युट्या लावल्या. तिथे येणारा प्रत्येक नवा साहेब पहिल्याच आठवड्यात विचारायचा, "कोपऱ्यातल्या त्या बसेस नुसत्या उभ्या का?" त्या स्पेअर गाड्या असायच्या. उभं राहणं हेच त्यांचं काम, हे साहेबाला कळायला एक बंद पडलेली बस आणि थांब्यावर खोळंबलेले प्रवासी लागायचे.

आता मी प्रादेशिक नियोजनात आहे. विजेवर आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चार्जर कुठे, किती आणि कधी, एवढाच विषय दिवसभर पुढ्यात असतो. गेल्या महिन्यात आढावा बैठकीत कुणीतरी तक्त्यातल्या एका चार्जिंग स्टेशनवर बोट ठेवून विचारलं, "इथे २५ प्लग कशाला? सरासरी वापर बघा की." मला एकदम कोपऱ्यातल्या बसेस आठवल्या आणि हसू आलं. भर बैठकीत हसायला नको होतं.

हिशेब साधा आहे. त्या स्टेशनसमोरच्या रस्त्यावरून सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या तासाला एका दिशेने २,००० गाड्या जातात असं धरा. त्यातल्या दहा टक्के विजेच्या, म्हणजे २००. पाचातली एक चार्जिंगला वळली तर ४०. प्रत्येकीचा मुक्काम अर्धा तास, म्हणजे एका वेळी सरासरी २० गाड्या प्लगला लागलेल्या. मग २० प्लग लावले की झालं? नाही. गाड्या दीड-दीड मिनिटाच्या अंतराने शिस्तीत येत नाहीत. पाच मिनिटं कुणी फिरकत नाही आणि मग सहा एकदम येतात. २० प्लगवर २० गाड्यांचा भार टाकला की रांग वाढतच जाते, ओसरत नाही.

हे गणित मुळात गाड्यांचं नाहीच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने टेलिफोनच्या लाइन किती ठेवायच्या यासाठी ते मांडलं. त्याचा पहिला लेख १९०९चा. त्याचंच सूत्र आमच्या ठिकाणाला लावलं. २१ प्लग ठेवले तर येणाऱ्या चार गाड्यांपैकी तिघींना थांबावं लागतं. २५ ठेवले तर पाचातल्या एकीलाच. फरक अवघ्या चार प्लगांचा. पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा चुकलं असेल म्हणून मी पुन्हा करून पाहिलं.

आता हेच उलट वाचा. २५ प्लग आहेत आणि चार बंद पडले, तर आपण थेट २१वर. अमेरिकेत २०२१च्या कायद्यातून ५०० कोटी डॉलर्सची जी महामार्ग चार्जिंग योजना निघाली, तिच्या नियमांत प्रत्येक प्लग ९७ टक्के वेळ चालू असावा अशी अट घातली गेली. ऐकायला कडक वाटते, पण उरलेले तीन टक्के म्हणजे वर्षाचे जवळजवळ ११ दिवस. ते ११ दिवस कुठले असावेत हे नियम सांगत नाही, आणि यंत्र सुट्टी बघून बिघडणं टाळत नाही.

अर्ध्या तासाचा मुक्काम मी पुस्तकातून घेतलेला नाही. तीन सुट्ट्यांचे दिवस एका चार्जिंग स्टेशनवर स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसले होते. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की वीज सावकाश घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना कधी कधी आधीच्या सगळ्या चार्जिंगइतका वेळ लागतो, हे माहीत असलेले ड्रायव्हर ऐंशीला निघतात. बाकीचे बसून राहतात. एक गृहस्थ सत्त्याण्णव टक्क्यांवर सीट मागे टाकून गाढ झोपलेले आणि मागे तीन गाड्या. उठवायचं कुणी? माझ्या वहीत त्या नोंदीपुढे नुसतं "झोप" असं लिहिलंय. सूत्रात झोपेला चिन्ह नाही, म्हणून मी मुक्काम चार मिनिटांनी वाढवून अर्धा तास धरला.

बैठकीतला पुढचा प्रश्न मात्र रास्त होता: एवढी वीज आणायची कुठून? माझा पहिला आराखडा याच प्रश्नावर आपटला होता. मी नकाशावर कंपास घेऊन सारख्या अंतरावर टाचण्या टोचल्या होत्या, दिसायला सुरेख. वीज कंपनीच्या अभियंत्याने नकाशाकडे पाहिलंही नाही. त्याने एवढंच विचारलं, "या फीडरवर लोड किती शिल्लक आहे, विचारलंय का?" फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी वीजवाहिनी. नव्हतं विचारलं. टाचण्यांपैकी निम्म्या जागी सबस्टेशन आधीच भरलेलं निघालं. तेव्हापासून आधी सबस्टेशनं, मग रस्ते, मग टाचण्या.

पण इथेच जास्तीच्या प्लगांची खरी गंमत आहे. प्लग वाढले म्हणून वीज तेवढीच वाढवावी लागत नाही. १५० किलोवॉटचे २५ प्लग म्हणजे कागदावर पावणेचार मेगावॉट. प्रत्यक्षात प्रत्येक गाडी वेगवेगळ्या टप्प्यावर असते, तिचा ओढा कमी होत जातो. ठिकाणाला मिळालेली वीज यंत्रणाच सगळ्या प्लगांत वाटून देते. महाग आणि वेळखाऊ काय, तर ट्रान्सफॉर्मर आणि तिथवर येणारी केबल. प्लग त्या मानाने स्वस्त. बस डेपोतही हेच: १०० बसेस, रोज प्रत्येकी २०० किलोमीटर, किलोमीटरला १.२ युनिट, म्हणजे रात्रीत २४,००० युनिट. सगळ्या आल्या आल्या १२० किलोवॉटने लावल्या तर १२ मेगावॉट. सहा तासांत वाटून लावल्या तर चार. कुठली बस आधी निघणार हे ठाऊक असलं की झालं, आणि ते वेळापत्रकवाल्याखेरीज कुणाला ठाऊक असणार!

अंतराचे नियम मला मान्य आहेत, त्यांच्यावर भिस्त मात्र नाही. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमांत मुख्य रस्त्यांवर दर ६० किलोमीटरला चार्जिंग सांगितलं आहे, शिवाय नोंदलेल्या प्रत्येक विजेच्या गाडीमागे देशात १.३ किलोवॉट सार्वजनिक चार्जिंग. ही दुसरी अट वाचून मी थबकले. नोंदणी जिथे होते तिथे गाडी झोपते. रांग लागते दुसरीकडेच. ट्रकचं सोपं आहे, कारण त्यांचा थांबा कायद्यानेच ठरवलाय. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. तेवढ्यात ट्रक साधारण ३६० किलोमीटर जातो, साडेचारशेच्या आसपास युनिट खातो. ती पाऊण तासात भरायची तर सरासरी ६०० किलोवॉट हवेत. मेगावॉटच्या चार्जिंगचा आग्रह आला तो यातून.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात, कारण तिथे आमच्याकडे अजून कागदच जास्त आहेत. भरायला मिनिटं लागतात, म्हणून एक-दोन नोझल पुरतात असं वाटतं. पण ७०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास ७०० पट, दाबाने भरताना वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. लागोपाठ गाड्या आल्या की साठ्याचा दाब उतरतो आणि पुढच्याला थांबावं लागतं. एकच कॉम्प्रेसर असेल आणि तो बसला, तर स्टेशनच बंद. युरोपच्या नियमात ही स्टेशनं दर २०० किलोमीटरला आहेत, म्हणजे पुढचं स्टेशन खूप लांब. २०२४च्या फेब्रुवारीत शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातली छोट्या गाड्यांसाठीची आपली हायड्रोजन स्टेशनं कायमची बंद केली, तेव्हा मी सर्वात आधी तिथल्या गाडीमालकांना आता किती लांब जावं लागेल याचा विचार केला. स्पेअर नसलेला डेपो.

परवा पुन्हा बैठक झाली. या वेळी मी तक्त्यातला "सरासरी वापर" हा रकाना काढून टाकला आणि त्या जागी "गर्दीच्या तासाला शंभरातले किती थांबतील" हा घातला. खोलीतला सूर बदलला, पण पूर्ण नाही. २१ आणि २५ यांत घासाघीस होऊन २३ ठरले. म्हणजे शंभरातले चाळीसेक थांबणार. त्याबदल्यात एक गोष्ट पदरात पाडून घेतली: बांधकाम चालू असतानाच आणखी दोन प्लगांचे काँक्रीटचे पायथे ओतायचे आणि केबलचे पाइप जमिनीखालून टाकून ठेवायचे. नंतर फरशी फोडायला नको. नकाशावर त्या दोन चौकोनांना मी आजच नंबर घातलेत, २४ आणि २५.