पोरं वाचतात का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

लग्नात, हळदीकुंकवाला, एसटीच्या रांगेत, परवा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. मी ग्रंथपाल आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हल्लीची पोरं काही वाचतात का हो?" विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नकोच असतं. "नाही हो" ऐकायचं, मोबाइलला दोन शिव्या द्यायच्या आणि पंगतीला बसायचं. मीही बरीच वर्षं "नाही हो" म्हणून सुटका करून घेतली. आता कंटाळा आलाय. एकदाच काय ते सांगून टाकते.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं. सकाळी सातला अभ्यासिकेचं कुलूप काढायला जाते तेव्हा पायरीवर पोरं बसलेलीच असतात. कुणी पीएसआय, कुणी तलाठी, कुणी राज्यसेवा, कुणी नीट. रात्री दिवे बंद करताना त्यांना अक्षरशः उठवावं लागतं. दहा-दहा तास मान वर करत नाहीत. पुस्तकं त्यांची स्वतःची, पाण्याची बाटली स्वतःची, चार्जरसाठी मात्र भांडणं. मधल्या दाराच्या अलीकडे आमची लोखंडी कपाटं आहेत. त्यांच्याकडे यातलं कुणी फिरकत नाही. आता ही पोरं वाचतात की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आणि डबा खायच्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या मुली फोनवर काय करतात, तेही एकदा डोकावून बघा. प्रतिलिपी नावाच्या ॲपवर क्रमशः कथा चाललेली असते. पुढचा भाग आला नाही की चिडतात. माझी आई साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी अशीच वाट बघत वाचायची, तिला कुणी "वाचत नाही" म्हटलं नव्हतं.

15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, शाळा मला भाषणाला बोलावतात. जुन्या भाषणांची वही आहे माझ्याकडे. त्यात मोबाइल म्हणजे राक्षस, बकासुर, काय वाट्टेल ते आहे. हे सगळं लिहिणाऱ्या बाईला आज विचारावंसं वाटतं, की बाई गं, देवघेव रजिस्टर कधी उघडून पाहिलंस का? आमच्याकडची उतरण फोनच्या कितीतरी आधी लागली. घरोघरी केबल आली, दुपारच्या मालिका सुरू झाल्या आणि कादंबऱ्या नेणाऱ्या बायका आधी गेल्या. पोरं नव्हे, त्यांच्या आया. पण वहीतली बाईही ऐकून घेणारी नाही. ती म्हणते, तीनशे पानं एका बैठकीत संपवणारं पोर दाखव. अभ्यासिकेतलं नको, कपाटाकडचं दाखव. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

कपाटांबद्दलही खरं तेच सांगते. आमचा बालविभाग सहावी-सातवीला संपतो. त्यापुढे एकदम जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या आणि श्रीमंत कसं व्हावं सांगणारी भाषांतरं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला हातात घ्यावंसं वाटेल असं मधलं फारसं काही नाही. खरेदी होते मार्चअखेरीस, अनुदानाचा हप्ता पडला की घाईघाईनं, जास्त सूट देणाऱ्या विक्रेत्याकडून. यात माझा काय दोष म्हणाल तर थोडा असेल. पण आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा 1967 चा, आणि त्यात ग्रंथालय कर नाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळात मालमत्ता करासोबत तो वसूल होतो. आपल्याकडे सगळं अनुदानावर. ते अनुदान 2022 मध्ये 60 टक्क्यांनी वाढलं, तेही दहा वर्षं ताटकळल्यावर. माझ्या पगाराचा आकडा सांगत नाही. अभ्यासिकेतली पोरं तलाठी व्हायला एवढी का धडपडतात ते तुम्हाला लगेच कळेल.

पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन आलेले लोकही मला भेटतात. 2017 साली पुस्तकांचं गाव झालं ते. "काय सुंदर कल्पना आहे! तुम्ही असं काही का करत नाही?" तिथं स्ट्रॉबेरी खाऊन, फोटो काढून आलेले हे लोक. त्यांच्याच गल्लीतल्या वाचनालयात त्यांची वर्गणी थकलेली असते.

पण हा प्रश्न ऐकला की मला जे आठवतं ते वेगळंच.

अकरावीतली एक मुलगी यायची. दोन क्लासच्या मधे अर्ध्या तासाची फट असायची तिला, साडेपाच ते सहा. आजोबांच्या कार्डावर पुस्तकं न्यायची. बालविभाग तिनं कधीच संपवला होता. पुस्तकात रसायनाच्या सूत्रांची पट्टी खूण म्हणून घातलेली असायची. पुस्तक परत करताना एखादं वाक्य टाकून जायची. "शेवट ओढूनताणून केलाय." "यातल्या बायका फार रडतात." मी तिच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागले होते, टेबलाच्या खालच्या खणात.

एका संध्याकाळी सहा वाजता, ऐन देवघेवीच्या वेळी, तिचे आईवडील आले. मागे ती. आईनं कापडी पिशवीतून दोन पुस्तकं काढून काउंटरवर ठेवली.

"तुमचीच ना ही?"

"हो."

"मॅडम, लाखाच्या वर फी भरलीय क्लासची. दोन टेस्ट झाल्या, मार्क बघवत नाहीत. काल रात्री दीड वाजता बाथरूममधे कडी लावून हे वाचत बसली होती."

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी एक पुस्तक उलटं करून मागची किंमत बघितली आणि परत ठेवलं. रांगेत उभे असलेले लोक आमच्याकडे बघत होते. मुलगी वर्तमानपत्राच्या स्टँडकडे तोंड करून उभी होती, जाहिरातीचं पान उघडून.

"तुमचं पोर असतं तर दिली असती का?" आईनं विचारलं.

माझा मुलगा बारावीला होता तेव्हा मी घरात एकही पुस्तक नेत नव्हते. त्यानं मागितलं तरी नाही. हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. ते चुकलं होतं असं मला आजही म्हणवत नाही. त्याला हवं ते कॉलेज मिळालं. मी दोन्ही पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारला, कार्ड बंद करायचं का विचारलं. "करा," आई म्हणाली.

ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमात ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं घोकून घेतात, 1931 ची. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हे दुसरं. समारंभात मी तेच सांगते. चौथं मात्र असं आहे: वाचकाचा वेळ वाचवा. त्या मुलीच्या आईचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

अनामत परत करायला कार्डधारकाची सही लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबा आले. सही केली, शंभराची नोट खिशात घातली आणि वाकून हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या नावावर चालेल का?" मी नाही म्हटलं. आदल्या संध्याकाळचं सगळं अध्यक्षांच्या कानावर गेलेलं होतं. पुढच्याच बैठकीत ठराव झाला: अठरा वर्षांखालच्या सभासदास पालकांच्या लेखी संमतीविना कथा-कादंबरी देऊ नये. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. त्याच बैठकीत, पुढच्याच विषयाला, वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी ग्रंथदिंडी काढायचं ठरलं. सूचक आणि अनुमोदक दोन्ही विषयांना तेच.

ती मुलगी आता अभ्यासिकेत असते. नीटचा दुसरा प्रयत्न. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून सातच्याही आधी येते. मला बघून हसते, नीट हसते, राग वगैरे काही नाही. खालचा खण मी अजून रिकामा केलेला नाही, पण तीही कधी विचारत नाही. डॉक्टर झाली तर तिची आई बरोबर होती असं म्हणायचं का? आणि नाही झाली तर मी? दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं, हिशेब लागत नाही.

तेव्हा "पोरं वाचतात का" हे मला विचारूच नका. त्यांना रिकामी संध्याकाळ कोण देतं, ते आधी सांगा. अर्धा तास मिळाला तरी ती काय काय वाचतात ते मी बघितलंय.

ठराव अजून कायम आहे. मागच्या बैठकीत मी तो मागे घ्यायचा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "परीक्षा होऊन जाऊ द्या, मग बघू." कुठली परीक्षा, ते त्यांनी सांगितलं नाही.