आधी मोल्सहाइम, मग म्युलूझ: अल्सासमध्ये बुगाटी पाहताना

बुगाटी गाड्या पाहायला फ्रान्समधल्या अल्सासला जाणारे बहुतेक जण थेट म्युलूझचं मोटार संग्रहालय गाठतात. आम्ही सांगू, पहिला अर्धा दिवस मोल्सहाइमला द्या. स्ट्रासबर्गहून टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. मिलानमध्ये जन्मलेल्या एत्तोरे बुगाटीने १९०९ साली इथे कारखाना काढला, तेव्हा हा मुलूख जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला आणि गाडी फ्रेंच झाली.

गावातल्या जुन्या मठात शार्त्रूझ संग्रहालय आहे, त्यात बुगाटीचं छोटं दालन. हिवाळ्यात ते बंद असतं, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा. आजच्या कंपनीच्या आवारात वाट वाकडी करून जाऊ नका, आयत्या वेळी आलेल्याला आत घेत नाहीत. त्यापेक्षा शेजारच्या दोर्लिसहाइमला एत्तोरे आणि त्याचा मुलगा जाँ यांच्या कबरी आहेत, तिथे जा. ११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच वर्षी ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या गाडीची चाचणी घेताना, सायकलस्वाराला चुकवण्याच्या नादात जाँ झाडावर आदळला. वय अवघं तीस.

म्युलूझला स्ट्रासबर्गहून रेल्वेने साधारण तासभर लागतो. विमानाने बासेल-म्युलूझला उतरलात तर फ्रान्सच्या बाजूच्या दारानेच बाहेर पडा. तिथून बसने सें-लुई स्टेशन आणि पुढे रेल्वे. म्युलूझ स्टेशनवरून एक नंबरची ट्राम संग्रहालयाजवळ सोडते.

हे संग्रहालय म्हणजे मुळात श्लुम्फ बंधूंची लोकर गिरणी. गिरण्या डबघाईला येत असताना मालक गुपचूप गाड्या जमवत होते. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतून एकदम तीस बुगाटी आल्या. १९७७ मध्ये कामगार आत शिरले तेव्हा हे घबाड उघडं पडलं, आणि मालक तोवर स्वित्झर्लंडला पसार झाले होते. १९८२ पासून संग्रहालय सर्वांसाठी खुलं आहे. चारशेच्या वर गाड्या आहेत, त्यात शंभराहून अधिक बुगाटी, त्यामुळे चार तास तरी हाताशी ठेवा. दिव्यांचा उजेड पिवळट आणि चकचकीत रंगावर त्यांची प्रतिबिंबं पडतात. फोटो समोरून न घेता तिरपे घ्या, फ्लॅश नको.

एक गोष्ट आधीच सांगतो: टाइप ५७ एससी अटलांटिक ही बुगाटीची नावाजलेली गाडी इथे नाही. अशा चारच झाल्या आणि जाँची स्वतःची काळी गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गायब झाली ती आजवर सापडलेली नाही. तिच्या पाठीवरून गेलेली रिव्हेटची शिवण शोभेची वाटते, पण मूळ नमुन्याचा मॅग्नेशियम मिश्रधातू वेल्डिंगला धोकादायक, म्हणून रिव्हेट मारले. पुढच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या तरी शिवण राहिली.

त्याऐवजी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीच्या चाकापाशी वाका. आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम हे सगळं ॲल्युमिनियमचं एकसंध ओतकाम. चाक काढलं की ड्रमही सोबत निघतो, म्हणून ब्रेकचे शू लगेच तपासता येतात. उष्णताही आऱ्यांतून बाहेर पडते. १९२४ च्या लियोंच्या शर्यतीत मात्र टायरांनी घात केला: रबर नीट व्हल्कनाइज (तापवून पक्कं) झालं नव्हतं, वरचा थर सुटून येत होता. दोष चाकाचा नव्हता.

रोयाल ही बुगाटीची अवाढव्य गाडी शेवटी बघा, नाहीतर तिच्यापुढे बाकीच्या गाड्या खेळण्यातल्या वाटतील. १२.७ लिटरचं, ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन. गाड्या झाल्या सहाच आणि गिऱ्हाइकं मिळाली तीन. मग हीच इंजिनं रेल्वेच्या मोटारडब्यांत बसवून बुगाटीने कारखाना तगवला. तसा एक डबा म्युलूझच्याच रेल्वे संग्रहालयात आहे. तीन नंबरची ट्राम तिकडे जाते, दुसरा अर्धा दिवस त्यासाठी राखा.