लोलकाचा प्रयोग: जर्नलमध्ये नेमकं काय लिहायचं

अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या जर्नलमध्ये साध्या लोलकाचा प्रयोग उघडा. निष्कर्षात बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. ही किंमत पुस्तकात आधीच छापलेली आहे. तुमच्या दोऱ्याने, तुमच्या स्टॉपवॉचने ती कितपत अचूक मिळाली, हे मात्र फक्त तुमचं जर्नलच सांगू शकतं, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

उद्देश आणि साहित्य दोन-चार ओळींत उरका. फक्त साहित्यात लघुतम माप, म्हणजे उपकरण मोजू शकतं ते सर्वात लहान माप, लिहायला विसरू नका. मीटरपट्टी ०.१ सेमी, व्हर्निअर कॅलिपर ०.०१ सेमी, स्टॉपवॉचचं जे असेल ते. नुसतं ‘स्टॉपवॉच’ लिहिलं तर पुढच्या आकडेमोडीला आधारच राहत नाही.

कृती आपण जे केलं तेच, भूतकाळात लिहा. ‘दोरा बुचाच्या दोन अर्ध्या भागांत घट्ट धरला. बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी मोजली आणि तीत गोळ्याची त्रिज्या मिळवली.’ हुक असलेला गोळा घेतला असेल तर हुकची लांबीही त्यात धरली, हेही लिहा. आयाम, म्हणजे गोळा मधल्या जागेपासून किती अंश बाजूला नेऊन सोडला, याचा आकडा हवाच. १० अंशांपर्यंत दोलनकालात (एका पूर्ण दोलनाच्या वेळात) फरक पडतो जेमतेम ०.२ टक्के, ३० अंशांवर तो पावणेदोन टक्के होतो आणि गुरुत्व त्वरण साडेतीन टक्क्यांनी कमी येतं. ‘आयाम लहान ठेवला’ एवढ्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

निरीक्षण तक्ता हा जर्नलचा जीव आहे. एकक रकान्याच्या शीर्षकात एकदाच लिहा, प्रत्येक आकड्याशेजारी नको. २० दोलनांचा वेळ तीनदा घ्या आणि तिन्ही रीडिंग जसेच्या तसे उतरवा, सरासरी नंतर. कच्च्या कागदावर लिहून घरी ‘नीट’ उतरवण्याची सवय घातक आहे, कारण उतरवताना हात आपोआप आकडे सुधारतो. रीडिंग चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा. खोडरबर नको. समजा १०० सेमी लांबीला ४०.२, ४०.० आणि ४०.३ सेकंद आले. तिन्ही ४०.१ असते तर तक्ता देखणा दिसला असता, पण तुमच्या मोजमापात किती फरक पडतो हे त्यातून कधीच कळलं नसतं.

या आकड्यांची सरासरी ४०.१७, दोलनकाल २.००८ सेकंद, त्याचा वर्ग ४.०३. सूत्रातून (४π² × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग) गुरुत्व त्वरण ९७९ सेमी प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ९.७९ मीटर. इथे थांबू नका. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात असं धरा: ४० सेकंदांत ते ०.५ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग आहे, म्हणून १ टक्का. लांबीत १ मिमी चूक धरली तर ०.१ टक्का. एकूण १.१ टक्के. म्हणून उत्तर ९.८ ± ०.१. कॅल्क्युलेटरवर दिसलेलं ९.७८७९ लिहिणं चूकच, कारण शेवटचे आकडे तुमच्या स्टॉपवॉचने मोजलेलेच नाहीत.

किंमत फारच वेगळी आली तर ती मागच्या दाराने ९.८ करू नका. ती काय सांगते ते पाहा. १०.९ च्या आसपास आली तर जवळजवळ नक्कीच मोजणी चुकली आहे: स्टॉपवॉच सुरू करताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हटलं, आणि २० समजून १९ च दोलनं मोजली. दोलनकाल ५ टक्क्यांनी घटला, उत्तर सुमारे ११ टक्क्यांनी वाढलं. हे कारण आकड्यांनिशी लिहिलं की चुकलेला प्रयोगही उत्तम जर्नल होतो. ‘मानवी चुकीमुळे फरक पडला’ हे वाक्य कुठल्याही प्रयोगाला चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच प्रयोगात लिहू नये.

आलेख मला या प्रयोगातला सर्वात सुंदर भाग वाटतो. आडव्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, उभ्यावर लांबी. ६० ते ११० सेमीमधल्या सहा लांब्या पुरतात. दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करा, जागा वाया गेली तरी चालेल. बिंदूला बिंदू जोडू नका. पट्टीने एकच सरळ रेषा अशी ओढा की बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना सारखे राहतील. चढ काढायला रेषेवरचेच दोन लांबलांबचे बिंदू घ्या, तक्त्यातली रीडिंग नव्हे. आता समजा गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली. एकेका रीडिंगवरून काढलेलं प्रत्येक उत्तर कमी येईल, पण आलेखाचा चढ तसाच राहील. रेषा फक्त खाली सरकेल आणि उभ्या अक्षाला शून्याखाली बरोबर त्रिज्येइतक्या अंतरावर छेदेल. म्हणजे विसरलेली गोष्ट आलेख स्वतः दाखवतो, आणि तरीही उत्तर वाचवतो. म्हणून अंतिम किंमत चढावरूनच द्या, आणि रेषा अक्षाला कुठे छेदते तेही नोंदवा.

खबरदारीत पाठ केलेल्या सहा ओळी नकोत. जी घेतली तीच लिहा आणि ती का घेतली तेही: ‘पंखा बंद ठेवला, कारण वाऱ्याने गोळा लंबवर्तुळात फिरू लागला होता.’